कमी व्होल्टेजची भीती

"व्होल्टेज कमी करतीयास?" गुंडाबापूंनी डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला. "आगं, व्होल्टेज वाढावं म्हणून आख्खं गाव उपोषणाला बसलं हुतं, आन् तू हाय ते कमी करतीयास?"

"घराचं न्हाई, मामंजी," क्रांती म्हणाली. "ह्या कम्प्युटरच्या डब्यातल्या प्रोसेसरचं. तेवढ्यानं त्यो कमी तापतोय."

सासऱ्यांना हे पटणं शक्यच नव्हतं. जतच्या त्या कोरड्या रानात कमी व्होल्टेजनेच त्यांच्या विहिरीवरच्या मोटारी जळल्या होत्या. कमी व्होल्टेज म्हणजे जळणार, ही त्यांच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. प्रोसेसरची गत मोटारीसारखी नसते, हे क्रांतीने परोपरीने सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी!

नवरा सैन्यात. क्रांती लग्नांचे, जत्रांचे व्हिडिओ याच कम्प्युटरवर एडिट करून द्यायची. पण पत्र्याखालच्या उन्हाळ्यात तो तापून मध्येच बंद पडायचा. कालच एका नवरीकडची माणसं दारात येऊन नाही नाही ते बोलून गेली होती. धाकटा दीर जयराज टपूनच बसला होता.

"आज पुन्ना बंद पडला तर सांगलीला नेऊन इकून टाकतो," त्याने बजावलं. "मग वैनी, तुमी आन् मेंढरं."

मेंढरांचा क्रांतीला राग नव्हता. पण तिचं काम तिच्या हातून काढून घेणारा हा कोण टिकोजीराव, याचा मात्र तिला मनस्वी संताप आला.

तिने व्होल्टेज जरासं उतरवलं आणि चाचणी लावली. प्रोसेसरला मुद्दाम ढोरमेहनतीला जुंपणारी ती चाचणी. तापमान उतरलं, काम चालू राहिलं. मग आणखी जरासं. असं करत करत ती खाली येत गेली, आणि एकाएकी स्क्रीन निळा झाला.

"जळलं!" बापूंनी झेप घेऊन भिंतीवरचं बटण खाडकन बंद केलं. जयराज वायरी उपसायला धावला.

"हात काढा, भावजी!" क्रांतीचा आवाज असा चढलेला त्या घराने कधी ऐकलाच नव्हता. "कायबी जळलं न्हाई. लय उतरवलं म्हणून त्यो आडला. कुठवर उतरायचं ते आसंच कळतंय. आता वाईच वर चढवायचं. आन् मामंजी, ह्या बटनांना मला इचारल्याबिगर कुणी हात लावायचा न्हाई."

तिने कम्प्युटर पुन्हा सुरू केला, व्होल्टेज अडलं होतं त्याच्या बरंच वर ठेवलं, चाचणी लावली. मग स्टूल ओढून भिंतीवरच्या बटणांखाली बसली. सासऱ्यांसमोर ती आजवर कधी बसली नव्हती. आता थेट त्यांच्या तोंडासमोर बसली.

वर पत्रा कडकडत होता. कम्प्युटर चालत राहिला. वाट बघून कंटाळलेला जयराज गुमान मेंढरांकडे निघून गेला.

दिवस कलताना बापू उठले. मोटारीच्या अंगावर ठेवायचे तसा त्यांनी डब्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"कोमट हाय की," ते स्वतःशीच बोलले.

खोलीत अंधारून आलं होतं. बापू बटणापर्यंत गेले, हात वर नेला आणि तसाच थांबवला.

"क्रांती, दिवा लावू का?"

"लावा की," ती म्हणाली, आणि बसूनच राहिली.