उरलेली कॉफी

देविदासच्या उजव्या हाताच्या अनामिकेचं माप तेवीस नंबरचं आहे, असं लातुरातल्या सराफानं त्याला सांगितलं, तेव्हा २०२३ सालचा अधिक महिना लागायला आठ दिवस होते. अंगठी अजून कुणी देऊ केली नव्हती. पण अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो, त्यात सासरा जावयाला धोंड्याचं जेवण घालतो, वर काहीतरी देतो, आणि यंदा सासऱ्याची दोन एकर जमीन महामार्गात जाऊन घसघशीत मावेजा आला होता. थोरल्या जावयानं बोट तयार ठेवायला काय हरकत होती?

सासरे शेषेराव, राहणार शिरूर अनंतपाळ, भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. समोरचा जे बोलेल ते जसंच्या तसं कागदावर उतरवायचं, हेच त्यांनी छत्तीस वर्षं केलं होतं. पुरणाचे धोंडे झाले, तुपाची धार झाली, पान आलं, आणि शेषेरावांनी विचारलं, "बोला पाव्हणं. काय घ्यायचं तुम्हाला?"

ह्याची एक रीत असते. जावई म्हणतो, कशाला, तुमचा आशीर्वाद हाय की. सासरा म्हणतो, असं कसं. जावई म्हणतो, न्हाई न्हाई, राहू द्या. सासरा म्हणतो, आमची हौस हाय. मग जावई तिसऱ्यांदा नको म्हणतो, पण मान खाली घालून, आणि मान खाली गेली की सौदा पक्का. तीनदा नको न म्हणता जो घेतो त्याला लोक पाठीमागं हावरा म्हणतात. देविदास हावरा नव्हता.

"कशाला मामा," तो म्हणाला, "तुमचा आशीर्वाद हाय की."

"बरं," शेषेराव म्हणाले आणि धाकट्या जावयाकडं वळले.

धाकटा सुदाम नांदेडला इंजिनिअर होता. मधली दोन वर्षं बंगळुरात काढल्यामुळं त्याच्या अंगातली रीत धुऊन गेली होती. तो सरळ म्हणाला, "मामा, मला घरी कॉफी करायचं मशीन पाहिजे. एस्प्रेसोचं. एक लाख ऐंशी हजाराला आहे."

शेषेरावांनी डायरीत लिहून घेतलं. खाली रेघ मारली.

देविदासला तेहतीस अनारसे, एक टॉवेल आणि एक टोपी मिळाली. बोट जसं गेलं होतं तसंच लातूरला परत आलं.

इथवरचं देविदासनं गिळलं असतं. अनारसे तर त्यानं गिळलेच. पण दिवाळीत तो बायकोला, म्हणजे अंबिकाला, घेऊन नांदेडला साडूकडं गेला आणि तिथं ते मशीन त्याला बघावं लागलं. ओट्याचा अर्धा भाग त्यानं व्यापला होता. अंगावर दाब दाखवणारी घड्याळं होती. सुदामनं कॉफीच्या बिया काढल्या आणि चिमुकल्या काट्यावर मोजल्या, अठरा ग्रॅम, एक बी कमी करून, परत अर्धी टाकून. सराफही इतक्या मायेनं सोनं मोजत नाही. देविदासनं अंगठीचं बोट मुठीत दाबून धरलं.

मग मशीन गुरगुरलं, फुसफुसलं, पाच मिनिटं नुसता गोंधळ, आणि एवढ्या सगळ्यातून निघाला एक कप. कप सुपारीच्या डबीएवढा आणि तोही अर्धा.

गुळाच्या अडतीवर सौद्याआधी चव बघायला खडा देतात, तसंच हे असावं असं देविदासला वाटलं. त्यानं एका घोटात कप संपवला, जीभ टाळ्याला लावून पाहिली आणि म्हणाला, "चांगली हाय. येऊ द्या."

आणि तो बसला. वीस मिनिटं बसला. मधे त्यानं पंख्याकडं बघितलं, कॅलेंडर पुढच्या वर्षापर्यंत वाचलं. शेवटी समीक्षा, सुदामची बायको, पोहे घेऊन आली, तेव्हा त्याला कळलं की कॉफी येऊन गेली.

पुढच्याच महिन्यात मुरुडला सासरच्यांपैकी एकाचं लग्न होतं. तिथं सुदामनं ही हकीकत साठ माणसांत सांगितली, पंख्याकडं बघण्याच्या नकलेसकट. तेव्हापासून सासरवाडीच्या कुठल्याही कार्यक्रमात देविदास दिसला की कुणीतरी विचारायचंच, "काय देविदासराव, उरलेली आली का?" एकदा अंबिका हसली. तिनं पदर तोंडात कोंबला होता, पण खांदे हलत होते. तो हिशेब देविदासनं वेगळा ठेवला.

त्यानं शपथ घेतली. पुढच्या धोंड्याला, भरल्या पंगतीत, सुदामनं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, मशीनला पैसे घालून चूक झाली. तोवर आपण टोपी घालायची नाही. टोपी तो एरवीही घालत नव्हता, त्यामुळं शपथ पाळायला सोपी गेली.

देविदासचं लातूरच्या बसस्टँडसमोर खाजगी गाड्यांचं बुकिंग ऑफिस होतं, वरच्या मजल्यावर घर. अहमदपूर, लोहा, नांदेड. रोज शंभरेक माणसं त्याच्या हातून नांदेडला जायची. एके दिवशी तिकिटं फाडता फाडता त्याच्या डोक्यात उजेड पडला. मशीन एका वेळी एकच कप करतं. एका कपाला पाच मिनिटं लागतात. आणि समीक्षा शेषेरावांची लेक. दारात आलेलं माणूस काही गरम घशाखाली गेल्याशिवाय तिच्याच्यानं परत पाठवलं जाणार नाही, मग ते वीज मीटर बघणारं का असेना.

त्यानं रबरी शिक्का करून घेतला. "नांदेडात आमच्या साडूंकडे कॉफी मोफत. स्टेशनच्या मागे, निळं गेट. देविदासरावांनी पाठवलं म्हणून सांगा." आणि प्रत्येक तिकिटाच्या पाठीवर तो उमटवायला सुरुवात केली.

पहिल्या आठवड्यात चार माणसं गेली. दुसऱ्या आठवड्यात रोज चार.

बातम्या आपोआप यायच्या. रात्रीच्या भाकरी थापताना अंबिका बहिणीशी फोनवर बोलायची, दोन्ही हात पिठात, म्हणून फोन स्पीकरवर.

"ताई, दाजींना सांग की जरा," समीक्षा रडकुंडीला यायची. "आज सतरा झाले. ह्यांनी ऑफिसला दांडी मारली. मुरुडचे एक पंढरीकाका आले होते. त्यांनी कॉफी बशीत ओतली, त्यात बेकरीतलं कडक बटर बुडवलं, बटरनं सगळी कॉफी पिऊन टाकली. म्हणले, मला कुठं मिळाली? चारदा केली त्यांना."

"आगं, पाव्हणा देवासारखा असतोय," अंबिका म्हणायची आणि नवऱ्याकडं डोळे वटारून बघायची.

"मी काय केलं?" देविदास म्हणायचा. "माणसं धाडली. भांडणं तर न्हाई धाडली."

त्यानंतर त्यानं एक्केचाळीस माणसांचं वऱ्हाड नवरीसकट धाडलं. मुहूर्त टळू नये म्हणून नवरीला पहिला कप दिला, करवलीला दुसरा, आणि आपल्याआधी नवरीकडच्यांना का दिली म्हणून नवरीला न्यायला आलेली नवरदेवाकडची माणसं रुसली, त्यांना वेगळा मान द्यावा लागला. सुदामच्या मनगटाला सूज आली. कॉफीची पूड दाबून दाबून हात गेला, आता पट्टा बांधलाय, असं समीक्षानं सांगितलं. त्या रात्री देविदास दोन भाकरी जास्त जेवला.

मग लोह्याच्या सुभद्राबाई गेल्या. त्यांच्या पोटात तीन वर्षांपासून गॅस अडकला होता. त्यांनी कप तोंडाला लावला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "कडू हाय. म्हंजे औषध हाय." परतीच्या गाडीत, लोहा यायच्या आत, तो गॅस मोकळा झाला. गाडीतल्या बावीस माणसांनी साक्ष दिली. दुसऱ्या दिवसापासून निळ्या गेटसमोर लोक एक्सरे घेऊन उभे राहू लागले.

"हे औषध नाही," सुदाम हात जोडून सांगायचा.

"बघा," लोक एकमेकांना म्हणायचे, "खरा वैद्य असाच असतोय. कबूल करत न्हाई."

देविदासनं दुसरा शिक्का केला. पहिल्याचं रबर झिजलं होतं.

दोनेक वर्षं गेली. एका संध्याकाळी अंबिका फोन ठेवून म्हणाली, "समीक्षा आताशा रडत न्हाई वो."

"रडून रडून पाणी संपलं असंल," देविदास म्हणाला. पण भाकरी एकच खाल्ली.

२०२६ च्या जूनमध्ये परत धोंडे आले. देविदास परत सराफाकडं जाऊन आला होता. बोट आता चोवीस नंबर झालं होतं. ह्या वेळी रीतबीत नाही. सासऱ्यानं विचारलं की पहिल्याच दमात "अंगठी" म्हणायचं, आणि हावरा तर हावरा. पण त्याआधी दुसरं काम व्हायचं होतं. सुदाम समोरच्या पाटावर बसला होता, वाळलेला, मनगटाला पट्टा, डोळ्यांखाली कॉफीच्याच रंगाची वर्तुळं. त्याला बघून देविदासला पुरण जास्तच गोड लागलं.

पान आलं आणि सुदाम उभा राहिला. "मामा, मशीनबद्दल चारचौघांत एक बोलायचंय."

देविदासनं पान तोंडात घालायचं थांबवलं.

"सुरुवातीला आम्ही दोघंच प्यायचो," सुदाम म्हणाला. "हिशेब केला, तर वर्षभर प्यायलो तरी एक कप अडीचशे रुपयाला पडणार होता. मला रात्रीची झोप लागेना. मी हिला म्हणणार होतो, चूक झाली, विकून टाकू."

"म्हणणार होतो म्हंजे? म्हणा की," देविदास म्हणाला.

"तेवढ्यात साडभाऊंनी माणसं धाडायला सुरुवात केली. आजपर्यंत एकवीस हजार सातशे कप झाले. मशीनचा खर्च कपामागं सव्वाआठ रुपये. त्यांच्या स्टँडवर चहा दहाला आहे."

"आन् दूध? बिया?" देविदासचा आवाज चिरकला.

"दूध लोह्याची माणसं आणतात. डब्यातनं, नवस फेडल्यासारखं. आणि दारात एक ताट ठेवलंय. मी काही म्हणत नाही, पण लोक दहा-वीस टाकतात. बिया त्यातनं भागतात, उरतंही." सुदामनं पट्टा बांधलेला हात छातीवर ठेवला. "मशीन वसूल झालं, मामा. ते साडभाऊंमुळं झालं."

शेषेरावांनी डायरी काढली. तीन वर्षांपूर्वीचं पान शोधलं. त्या रेघेखाली लिहिलं, "वसूल. सौजन्य : थोरले जावई." पंगतीतल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या. देविदासच्या हातातल्या पानातला चुना त्याच्या बोटावर उतरला, बरोबर अनामिकेवर.

काही का असेना, अंगठी तरी. शेषेराव त्याच्याकडं वळले तसं देविदासनं तोंड उघडलं.

"तुम्ही बोलू नका," शेषेराव म्हणाले. "मागल्या टायमाला तुम्ही नको म्हणालाव, ते माझ्या मनाला लई लागलं. थोरला जावई आन् टोपीवर गेला. म्हणून ह्या बारीला न विचारता आणलंय."

दोघा गड्यांनी आतून खोकं आणलं. खोक्यावरचं चित्र देविदासच्या ओळखीचं होतं. घड्याळंसुद्धा तीच.

"दुसऱ्याच्या घरी एवढी माणसं प्यायला धाडता," शेषेराव म्हणाले, "म्हंजे तुम्हाला ह्याचा केवढा नाद असंल."

"कशाला मामा," देविदास म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून.

"असं कसं?"

"न्हाई न्हाई. खरंच राहू द्या."

"आमची हौस हाय."

"मामा, पाया पडतो, नको," देविदास म्हणाला आणि पाया पडायला वाकला, म्हणजे मान खाली गेली. तीन नकार झाले. पंगतीनं सुस्कारा सोडला. इतक्या रीतीनं घेतलेली वस्तू शिरूर अनंतपाळात बऱ्याच वर्षांत कुणी पाहिली नव्हती.

खोकं गाडीत चढवायला सुदाम पुढं झाला. चांगला हात मोकळा ठेवून त्यानं पट्ट्याच्याच हातानं एक बाजू सहज उचलली.

"मामांना मीच सुचवलं," तो हळूच म्हणाला. "आणि आलेल्या प्रत्येकाचा नंबर घेऊन ठेवलाय, साडभाऊ. बहुतेक तुमच्या लातूरकडचीच माणसं. काल सगळ्यांना मेसेज टाकला. आता नांदेडपर्यंत यायची गरज नाही. बसस्टँडसमोर, बुकिंग ऑफिसच्या वर."

"सगळ्यांना?"

"सुभद्राबाईंना फोन केला. त्यांना वाचता येत नाही."

परतीच्या वाटेवर देविदासच्या मांडीवर खोकं होतं आणि डोक्यात गणित. माणसं पाजली तर कप स्वस्त होत जाणार, मशीन वसूल होणार आणि सुदाम खरा ठरणार. नाही पाजली तर अंबिकाच्या दारातून माणूस तसंच परत जाणार, आणि एक कप एक लाख ऐंशी हजाराला पडणार. अंबिका खिडकीबाहेर बघत होती. खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बेल वाजली. दारात मुरुडचे पंढरीकाका. हातात एक जुनं तिकीट, पाठीवर देविदासचाच शिक्का, रबर झिजायच्या आधीचा. त्यांच्या मागं जिन्यात आणखी सहा-सात डोकी दिसत होती. एकाजवळ एक्सरे होता.

"मेसेज आला," पंढरीकाका म्हणाले. "बटर आणलंय मी."

देविदासनं अठरा ग्रॅम मोजले. दाबले. मनगटात कळ आली. मशीन गुरगुरलं, फुसफुसलं, आणि सुपारीच्या डबीएवढा अर्धा कप निघाला. पंढरीकाकांनी ह्या वेळी बटर बाजूला ठेवलं, एका घोटात कप संपवला, जीभ टाळ्याला लावून पाहिली.

"चांगली हाय," ते म्हणाले. "येऊ द्या."

आणि बसले. त्यांनी पंख्याकडं बघितलं. मग कॅलेंडर वाचायला लागले. आत अंबिकानं पदर तोंडात कोंबल्याचं देविदासला भिंतीपलीकडूनही कळलं.

तो त्यांच्यासमोर उभा राहिला. मग खाली ऑफिसात जाऊन सगळ्यांत जाड तिकिटाचं पुस्तक आणि दुसरा शिक्का घेऊन वर आला.

"काका, आज नांदेडला निघालाव का?"

"न्हाई. आज काय काम न्हाई तिकडं."

देविदासनं तिकीट फाडलं, पैशाच्या जागी फुली मारली, खिडकीची सीट लिहिली आणि पाठीवर शिक्का दाबला. मग जिन्यातल्या माणसांकडं बघून त्यानं पुस्तकाचं पुढचं पान मोकळं केलं.

"जा," तो म्हणाला. "उरलेली तिकडं हाय."