ओल्या जाळीची साक्ष

खट्.

दुपारची वेळ होती. घर अगदी सामसूम होतं, नळसुद्धा गळत नव्हता. अशात कपाटाची खिटी वाजली आणि माझ्या अंगावर दोऱ्याएवढी उजेडाची रेघ पडली. लगेच दार लागलं, पुन्हा अंधार झाला. दाराशी कोण होतं ते मला दिसलं नाही. पण मित्रांनो, मला संशय आला. उजेडाचा संशय घेणं हे माझं कामच आहे.

मी छपाईची जुनी जाळी. लाकडी चौकटीवर ताणून बसवलेलं बारीक विणीचं कापड, एवढंच माझं अंग. ज्या मास्तरांनी मला घडवलं, त्यांनी कापड चारी बाजूंनी ओढून ओढून ठोकलं, वर टिचकी मारली आणि ‘टण्ण’ असा आवाज आला तेव्हा कुठे ते हसले. त्यांच्याकडे मी दुकानांच्या पिशव्या छापल्या, मिठाईची खोकी छापली, एकदा तर कुणाच्या तरी हरवलेल्या पोपटाचं चित्र छापलं. “हिच्यासारखी रेघ दुसरीची उठत नाही,” असं मास्तर येईल त्याला सांगायचे. पुढे नवी यंत्रं आली. मी माळ्यावर, एका मोडक्या स्टुलामागे जाऊन पडले. धूळ बसली. कोळ्याने माझ्या कोपऱ्यात संसार थाटला. मला कुणी हाकसुद्धा मारली नाही.

तिथून मला धाकटीने उचलून आणलं. धाकटी म्हणजे एका घरातली धाकटी सून. तिची लेक चिमी पहिलीत होती. चिमी शाळेत असताना, नाहीतर झोपली की, धाकटीला घरच्या घरी टी-शर्ट छापायचे होते. जिन्याच्या समोरच्या दारात तिची मोठी जाऊ राहायची, थोरली. दोघींची दारं दिवसभर उघडी असायची. आमटीची वाटी इकडून तिकडे जायची आणि चिमी तर कुठल्या घरात जेवली हे संध्याकाळी विचारावं लागायचं.

थोरली दातांच्या दवाखान्यात कामाला होती. दवाखान्यातले सगळे मिळून रविवारी धावायला जाणार होते. त्यांच्या टी-शर्टांचं काम तिनेच शब्द टाकून धाकटीला मिळवून दिलं. चित्र होतं बूट घालून पळणाऱ्या एका हसऱ्या दाढेचं. मला वाळवायला अंधारी जागा हवी होती, म्हणून धाकटीच्या मोरीशेजारच्या खोलीत ठेवलेलं आपलं जुनं कपाटही तिनेच रिकामं करून दिलं.

अंधार कशाला, म्हणाल. तर ऐका. पिवळ्या दिव्याखाली माझ्या अंगावर हिरवा लेप चढवतात. तो अंधारात वाळवायचा. मग काळ्या चित्राची पारदर्शक फिल्म वर ठेवायची, काच ठेवायची आणि झगझगीत दिवा लावायचा. उजेड लागला तिथे लेप घट्ट होतो. चित्राच्या काळ्याखाली उजेड पोचत नाही, तिथे तो मऊच राहतो आणि पाण्याने निघून जातो. त्या मोकळ्या जागेतून शाई खाली उतरते आणि टी-शर्टावर चित्र उमटतं.

त्या दुपारी खिटी वाजली तेव्हा धाकटी स्वयंपाकघरात होती. ती धावत आली, तर कपाटापाशी थोरली.

“ताई, तुम्ही कपाट उघडलंत?”

“नाही गं. बादली न्यायला आले होते. खिटी सैल आहे ना, दार सुटलं. मी नुसतं लोटलं.”

“आपोआप सुटलं?”

“आपोआपच. माझंच कपाट आहे, त्याच्या खोडी मला ठाऊक आहेत.”

‘माझंच कपाट’. एवढे दोन शब्द धाकटीच्या मनात जाऊन रुतले.

तिने मला दिव्याखाली ठेवलं आणि मग मोरीत धुवायला घेतलं. आधी बुटांच्या नाड्या वाहून गेल्या. मग दाढेचं हसू गेलं. बघता बघता सगळा लेप हिरवं पाणी होऊन मोरीत उतरला. धाकटी त्या पाण्याकडे बघत राहिली आणि मग तिची नजर हळूच समोरच्या दाराकडे गेली.

दुसऱ्या खेपेला तिने कपाटाच्या फटी चिकटपट्टीने बुजवल्या. दारावर जाड रजई टांगली. खिटीत पेन्सिल अडकवली. दिवाही जास्त वेळ लावून ठेवला. पुन्हा सगळं वाहून गेलं. चिकटपट्टी मात्र जशीच्या तशी होती.

“काढून परत लावली असणार,” ती स्वतःशीच म्हणाली.

तिसऱ्या खेपेला दोन रजया. थोरली जिन्यात चपला घालायला आली तरी धाकटीचे कान टवकारायचे. आणि तिसऱ्या खेपेलाही दाढ वाहून गेली तेव्हा तिच्याने राहवलं नाही. ती ओल्या हातांनीच समोरच्या दारात जाऊन उभी राहिली.

“काम आणून दिलंत ते मिरवायला. आणि आता ते बुडताना बघायला, होय ना?”

थोरली कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

“माझ्याच दवाखान्याचं काम मी बुडवू? मी तिथे तोंड कुठे दाखवू?”

“ते तुम्हालाच ठाऊक.”

थोरलीने हात धुतले, पुसले आणि दार लावून घेतलं. जोरात नाही, हळू. दिवसभर उघडं असणारं ते दार त्या दिवशी बंद झालं.

मित्रांनो, मला आधी थोरलीचाच संशय आला होता. पण पाणी माझ्याच अंगावरून गेलं होतं. मला वेळेआधी उजेड लागला असता, तर लेप आधीच घट्ट झाला असता. मग धाकटीने कितीही पाणी मारलं असतं तरी चित्र उघडलंच नसतं. मी तर विरघळत होते! आरोप होता उजेड शिरल्याचा आणि माझं अंग सांगत होतं अगदी उलट. साक्ष तिच्या हातात होती. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती, ती समोरच्या दाराकडे बघत होती.

शनिवारी सकाळी, चौथ्या खेपेला, ती पिवळ्या दिव्याखाली मला कपाटातून काढत होती. चिमी मागेमागे होतीच.

“लेपाला हात लावायचा नाही हं, खाज सुटेल.”

“नाही लावत.” असं म्हणून चिमीने माझ्या लाकडी कडेला गाल लावला. तिचे कपडे वाळले की नाहीत हे आई रोज गालाला लावूनच बघायची, ते तिने उचललं होतं.

“आई, ही वाळली नाहीये. गारढोण आहे.”

धाकटीने स्वतःचा गाल लावला. मग रजयांकडे पाहिलं, चिकटपट्ट्यांकडे पाहिलं, भिंतीपलीकडच्या मोरीकडे पाहिलं. ओला लेप कितीही दिवा लावला तरी घट्ट होत नाही. आणि जितका तिचा संशय वाढत गेला, तितकं तिने कपाट बुजवलं होतं. जितकं बुजवलं, तितकी मी ओली राहिले होते.

ती खाली बसली.

मग तिने खोलीच्या खिडकीला काळं कापड लावलं, कपाटाचं दार सताड उघडलं आणि पंखा सोडला. मी कोरडी ठणठणीत झाले. तिने दिवा लावला, पाणी मारलं, आणि दाढ उघडली! बुटांच्या नाड्यांसकट. संध्याकाळपर्यंत टी-शर्टांचा ढीग लागला.

थोरली ते न्यायला आली, पण उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. एक टी-शर्ट उलगडून पाहिला.

“छान हसतेय दाढ.”

“ताई, आत या ना.”

“नको गं. मी आत यायचे आणि तुझं काही बिघडायचं.”

टोमणाही नव्हता तो. सरळ आवाजात बोलली आणि ढीग उचलून गेली. पुन्हा ते दार लागलं, हळूच.

बालमित्रांनो, तुम्ही कधी छपाई शिकाल तेव्हा एवढं करा. काम फसलं तर आधी माझ्याकडे बघा. लेप वाहून गेला तर मी ओली होते का, उजेड कमी पडला का, ते बघा. चित्र उघडलंच नाही तर उजेड जास्त झाला का, आधीच शिरला का, फिल्मचं काळं पुरेसं काळं होतं का, ते बघा. मी सगळं अंगावर लिहून ठेवते. माणसांकडे बोट दाखवायच्या आधी तेवढं वाचा.

रविवारी धाकटी मला पुढच्या कामासाठी साफ करत होती. तिने एक औषधी पाणी शिंपडलं आणि घट्ट बसलेला लेपही सुटू लागला. नाड्या गेल्या, बूट गेले, हसू गेलं. चिमी मोरीच्या कडेवर बसून बघत होती.

“एवढं घट्ट होतं, तेपण निघतं?”

“निघतं की. हे पाणी लावलं की निघतं.”

चिमीने उघड्या दारातून पलीकडे पाहिलं. समोरचं दार बंद होतं.

“आई, तू काकूला बोललीस ना, ते कशाने निघतं?”