सत्तेचाळीसवर गेलेला कोड

स्क्रीन: कोड पाठवला आहे. शेवटी ४७ असलेल्या मोबाइलवर आलेले आकडे दोन मिनिटांत भरा.

एव्हांथियाच्या नंबरच्या शेवटी ४७ नव्हते. कधीच नव्हते. तिने पुन्हा बटण दाबलं.

स्क्रीन: कोड पाठवला आहे.

एकच विषय राहिला होता, संख्याशास्त्र. वय एक्केचाळीस. आज विषय नोंदवला नाही, तर वर्षानुवर्षं रेंगाळलेल्या सगळ्यांसारखं तिचंही नाव ग्रीसमधल्या योआनिनाच्या विद्यापीठाच्या पटावरून आपोआप निघणार होतं. मग पदवी नाही. पदवी नाही म्हणजे नगरपालिकेच्या पाळणाघरात पुन्हा आठ महिन्यांचं कंत्राट, मग घरी, मग पुन्हा आठ महिने. कायमच्या जागेला पदवी लागत होती.

कचेरीच्या खिडकीत पूर्वी लेमोनियाबाई असायच्या. त्या खेकसायच्या, पण खेकसून झालं की काम करायच्या. आता तिथे काच होती आणि काचेतून येणारा एक गोड आवाज.

"मी आपली काय मदत करू?"

"नंबर माझा नाहीये."

"नंबर बदलण्याचा अर्ज आपण आपल्या खात्यातून करू शकता."

"खातंच उघडत नाहीये."

"खातं उघडण्यासाठी कृपया कोड भरा."

"लेमोनियाबाई कुठायत?"

"क्षमस्व. या नावाचा विषय सध्या शिकवला जात नाही."

रांग नव्हती, त्यामुळे भांडायलाही कुणी नव्हतं. ती पायरीवर बसली. सत्तेचाळीस. सत्तेचाळीस. हा कुणाचा? मग आठवलं, आणि आठवल्यावर जास्तच दमल्यासारखं झालं.

थ्रासोस.

ती शिकत होती तेव्हा दारातून आत शिरलं की विद्यार्थी संघटनांची टेबलं असायची. पिवळ्या टेबलामागे थ्रासोस, समोर फ्रापेचा, फेसाळ थंड कॉफीचा ग्लास. जुन्या प्रश्नपत्रिका त्याच्याकडे, नोट्स त्याच्याकडे, कुठला प्राध्यापक कशाने पाघळतो तेही त्याच्याकडे. विद्यापीठाने सगळं संगणकावर नेलं तेव्हा ते शिकून घ्यायची कुणालाच हौस नव्हती. "आणा इकडे पासवर्ड, मी भरतो तुमचे विषय," थ्रासोस म्हणाला. बदल्यात निवडणुकीत मत. सगळ्यांनी पासवर्ड देऊन टाकले. पुढे ते यंत्र मोबाइल नंबरही मागायला लागलं. कुणाकुणाला विचारत बसणार? थ्रासोसने सगळ्यांच्या नावापुढे स्वतःचाच टाकला.

तो आता तिसऱ्या मजल्यावर बसत होता. दारावर पाटी: उपप्रमुख, डिजिटल विभाग.

"कोण हवंय?" त्याने मान वर न करताच विचारलं.

"सत्तेचाळीस."

मान वर झाली. केस गेले होते. डोळ्यांखाली पिशव्या.

"दार लाव." मग ओळख पटली. "एव्हांथिया! अगं, तू अजून इथेच?"

"तूही इथेच की."

"मला पगार मिळतो."

"म्हणूनच माझ्याहून दमलेला दिसतोयस."

त्याने खण उघडला. आत बटणांचा जुना फोन, चार्जरला लावलेला. तिच्यादेखत तो थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला.

"नोंदणी सुरू झाली की असंच," थ्रासोस म्हणाला. "नाव येत नाही गं, नुसते आकडे. कोण आहे, कुठे आहे, काय कळणार?"

"मग बदल ना सगळ्यांचे नंबर. तुझ्याच तर हातात आहे."

"बदलले की वर दिसणार, एकाच नंबरवर अख्खी बॅच. चौकशी. केलं कुणी? या साहेबांनी." त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "आणि बंदही करवत नाही. तुझ्यासारखं कुणी आलंच तर?"

"आलं का कुणी?"

"तू."

तिने पर्समधून स्वतःचा मोबाइल काढला.

"दाब बटण," तो म्हणाला.

तिने दाबलं. फोन थरथरला. त्याने आकडे वाचले, तिने भरले.

स्क्रीन: कोड चुकीचा आहे. एकच प्रयत्न शिल्लक.

"मेल्या, काय वाचलंस?"

"बरोबरच वाचलं! दुसऱ्या कुणाचा तरी आला मध्येच."

"आणि आता माझाही चुकला तर?"

"तर खातं बंद. मग मीही काही करू शकत नाही, शपथ."

तिचा अंगठा ओला झाला होता. दोघं खणाकडे बघत बसली, झोपलेल्या पोराकडे बघावं तशी. फोन थरथरला. थांबला. पुन्हा एकदा. मग बराच वेळ नाही.

"आता," थ्रासोस कुजबुजला.

एकच कोड आला. त्याने एकेक आकडा दोनदा वाचला.

स्क्रीन: संख्याशास्त्र नोंदवले. शुभेच्छा.

तिला आनंद व्हायला हवा होता. तिने नुसती पर्स उचलली.

"खाली कुणाला बोलू नकोस हं," तो म्हणाला.

"बोलायची ताकद दिसतेय का माझ्यात?"

"निदान मला मत तरी द्यायचीस ना?"

"एकदाही नाही."

"वाटलंच होतं." तो पहिल्यांदाच हसला. मागे खण थरथरला, आणि त्याने तो हळूच गुडघ्याने लोटून दिला.

बसथांब्यावर ती तो खण विसरू शकली नाही. तो लोटला गेला तेव्हा कुठेतरी कुणीतरी दोन मिनिटं कोडची वाट पाहिली असणार.

जुन्या वर्गाचा ग्रुप तिने उघडला. थ्रासोसही त्यात होता, तिला ठाऊक होतं. त्याची नोकरी जाऊ शकत होती, तेही ठाऊक होतं. तिने लिहिलं: "कोड येत नसेल तर तो थ्रासोसकडे जातोय. तिसरा मजला. आजच जा." खूप वेळ अंगठा तसाच वर राहिला. मग पडला.

पहिलं उत्तर क्लिओचं. "मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. चार वर्षं."

मग आणखी कुणीतरी: "मलाही." मग आणखी कुणी. एकमेकांना विचारायची सगळ्यांनाच लाज वाटली होती.

थ्रासोस लिहीत होता. थांबला. पुन्हा लिहायला लागला. बस आली, ती चढली, तरी तो लिहीतच होता. तळ्याच्या वळणावर शेवटी आलं:

"सहापर्यंत आहे मी. एकेक करून या."

एव्हांथियाने डोकं काचेला टेकलं. संख्याशास्त्राचं पुस्तक कुठल्या खोक्यात टाकलं होतं, ते तिला काही केल्या आठवेना.