पडदेवाल्या ताईंचा सर्व्हर

पडद्यांच्या दुकानामागच्या खोलीत, कापडाच्या ताग्यांआड, एक जुना कॉम्प्युटर सदा घुरघुरत असे. त्यावर एका खेळाचा सर्व्हर होता. खेळातलं बेट, घरं, शेतं, होड्या, सगळा संसार त्या डब्यात. कुठकुठली माणसं आपापल्या घरी बसून तिथे खेळायला यायची. डबा बंद पडला की बेट गायब. म्हणून दुकानवाली ताई त्याला डोळ्यांत तेल घालून जपायची.

तो मांडून दिला होता धाकट्या भावाने. आईवडिलांमागे ताईनेच त्याला लहानाचा मोठा केला. नोकरीसाठी दूर निघताना तो म्हणाला होता, "रोज संध्याकाळी बेटावर भेटू. फोनवर तू नुसती 'जेवलास का' विचारतेस."

सुरुवातीला तो रोज यायचा. समुद्राकाठी त्याने घर बांधायला घेतलं. भिंती उभ्या राहिल्या, छत तेवढं राहिलं. मग त्याची कामाची पाळी बदलली, लग्न झालं, मूल झालं आणि येणं विरळ होत होत थांबलं. भांडण झालं असतं तर निदान मिटवता तरी आलं असतं. इथे मिटवायचं काय?

ताई मात्र सर्व्हर सांभाळण्यात तयार झाली. पंख्यात अडकलेले कापडाचे तंतू ब्रशने काढायला शिकली, बॅकअप घ्यायला शिकली. कुणी शिवीगाळ केली तर कान धरून बाहेर काढायची. नियम एकच, काठावरच्या त्या घराला हात लावायचा नाही.

"तुमच्या भावाचं घर म्हणजे सरकारी काम!" रोज येणाऱ्या एका ट्रकड्रायव्हरने एकदा लिहिलं. "भिंती झाल्या, छताचा पत्ता नाही!"

ताई हसली, पण ते आत कुठेतरी टोचलं.

मग खेळाची नवी आवृत्ती आली. जुनं बेट तिच्यात चालणार नव्हतं, सगळं नव्याने मांडावं लागणार होतं. नवं बेट मांडा म्हणून सगळे मागे लागले. ताई म्हणे, "आज गिऱ्हाईक आहे, उद्या बघू." एकेक जण दुसऱ्या सर्व्हरकडे वळला. शेवटी खेळणाऱ्यांतल्या नर्सबाईंनी लिहिलं, "ताई, न येणाऱ्याची वाट बघा हो. पण आम्ही रोज येतो ना?"

दुपारी शिलाईचं मशीन थांबवून ताईने भावाला फोन लावला.

"छोट्या, बेट बंद करतेय. तुझं घर आहे तिथे, म्हणून विचारलं."

"ताई, ते अजून चालू आहे?"

"चालू आहे की. बंद कोण करणार?"

सुट्टीच्या दिवशी तो बेटावर आला. पासवर्ड विसरला होता, तो ताईनेच बदलून दिला. आपल्या घरात उभा राहून तो कितीतरी वेळ हललाच नाही.

"गवतसुद्धा काढलंयस गं," त्याने लिहिलं.

"मग काय जंगल होऊ देऊ?"

"लाकूड आहे?"

लाकूड तिच्याकडे कोठार भरून होतं. दोघं छत घालायला लागले. तो फळ्या उलट्या लावायचा, ती मुकाट्याने सुलट्या करायची, लहानपणी त्याची बटणं लावायची तशी. अर्धं छत झालं आणि त्याने लिहिलं, "बाळ उठलं गं. येतो."

"ये," तिने लिहिलं. उरलेल्या फळ्या तिने एकटीने लावल्या, घराभोवती एक फेरी मारली आणि सर्व्हर थांबवला. पंखा गप्प झाला तशी खोली परकी वाटली.

दुसऱ्या दिवशी तिने नवं बेट उघडलं. गेलेले बरेचसे परतले. ड्रायव्हरने पहिल्याच तासाला रस्ता आखायला घेतला.

"भाऊ येणार का आज?" नर्सबाईंनी विचारलं.

"बघू. लेकरू लहान आहे त्याचं," ताईने लिहिलं आणि ती नांगरायला लागली. कुणी आत आलं की नाव पडद्यावर उमटे. प्रत्येक वेळी तिचा हात थांबायचा.