थोरलीने लावलेला पुठ्ठा

मित्रांनो, एखाद्या मोठ्या दुकानात किंवा दवाखान्यात कंटाळून छताकडे पाहिलेत, तर पांढऱ्या पट्ट्यांची चौकोनी जाळी तुम्हाला दिसेल. तशीच एक हवेची जाळी मी आहे. आता माझा रंग पिवळा पडला आहे आणि दोन पट्ट्या वाकल्या आहेत. एका कार्यालयाच्या छतात माझे सारे आयुष्य गेले.

कारखान्यात मला कापले, वाकवले, घासले, रंगवले. दुखले फार, पण पत्र्याचे दुखणे कोण विचारतो? मग एका कारागिराने मला इथे आणून बसवले. माझ्यामागे पत्र्याचा लांब बोगदा आहे. गच्चीवरचे यंत्र बाहेरची हवा गाळून, गार करून त्यातून पाठवते आणि मी ती खाली सोडते. कारागिराने जाताना माझ्या पट्टीला एक लाल रिबीन बांधली. ती फडफडू लागली तेव्हा तो म्हणाला, "झकास! ही हलतेय तोवर काळजी नाही." माझे कौतुक झाले ते तेवढेच.

माझ्या अगदी खाली धाकटीचे टेबल होते आणि तिच्या शेजारी थोरलीचे. सख्ख्या बहिणी नव्हत्या हं त्या, पण सारे कार्यालय त्यांना तसेच म्हणे. थोरली हिशेब पाहायची, धाकटी पत्रांची उत्तरे टाइप करायची. एकीच्या डब्यावर दुसरीचा हक्क असायचा. धाकटीच्या घरी म्हातारी आई आणि शाळेत जाणारी लेक होती. कमावणारी ती एकटीच.

मग साहेबांना कार्यालय नटवायची हौस आली. नवा गालिचा आला, प्लायवूडचे आडोसे आले, आणि त्यांच्याबरोबर गोंदाचा उग्र वासही आला. खिडक्या तर कायमच्या बंदच होत्या. झेरॉक्सच्या मोठ्या यंत्राला जागा उरली नाही, म्हणून ते धाकटीच्या टेबलाला खेटून ठेवले. ते दिवसभर तापायचे आणि बारीक काळी धूळ सोडायचे. तरी मी वरून ताजी हवा देत होते, म्हणून त्या कोपऱ्याचे कसेबसे निभत होते.

एके दिवशी धाकटीला सर्दी झाली. ती शिंकली आणि थोरलीने वर पाहिले.

"ही मेली जाळी! सगळा गारठा तुझ्याच डोक्यावर ओततेय."

"राहू द्या हो ताई, होईन बरी."

"काही राहू देत नाही. तू गप्प बस."

चपला काढून ती खुर्चीवर चढली. खोक्याचा पुठ्ठा तिने माझ्यावर धरला आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी मारून मला बंद केले. माझी रिबीन आत चेपली गेली. "आता बघ कशी ऊब वाटेल," ती खाली उतरून म्हणाली. मला तिचा राग आला नाही. ती मायेपोटीच चढली होती, आणि त्याचेच मला जास्त वाईट वाटते.

सर्दी गेली, पुठ्ठा राहिला. तो तिथे आहे हेच सगळे विसरून गेले. धाकटीचे मात्र डोके दुखू लागले, डोळे चुरचुरू लागले, पुढे खोकला लागला आणि छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टरांनी तोंडात फवारायचे औषध दिले. सुट्टीत घरी ती बरी असे, कामावर आली की पुन्हा तेच.

"घरी ठणठणीत आणि इथे आली की खोकला! कामचुकारपणाची नवी तऱ्हा आहे ही," एक कारकून हसत म्हणाला.

थोरली त्याच्यावर कडाडली, "तिच्या जागेवर बसून बघ, मग बोल!"

शेवटी साहेबांनी धाकटीला बोलावले. "बाई, महिनाभर सुट्टी घ्या. तरी बरं वाटलं नाही तर राजीनामा द्या. मी तरी काम कुठवर अडवून ठेवू?" ती टेबलाशी परत आली. लेकीचा फोटो पर्समध्ये टाकून ती म्हणाली, "ताई, माझी खुर्ची सांभाळा."

साहेब तिथे दुसऱ्या माणसाला बसवणार होते. थोरलीने ऐकले नाही. आपल्या फायली उचलून ती स्वतःच धाकटीच्या खुर्चीवर येऊन बसली. "ती येईपर्यंत इथे मीच बसणार."

थोड्याच दिवसांत थोरलीचे डोळे चुरचुरू लागले. दुपार झाली की कपाळ ठणकायचे. सुट्टीच्या दिवशी घरी बरे वाटायचे, इथे आले की पुन्हा तेच. एका दुपारी खोकून खोकून तिने खुर्चीच्या पाठीवर मान टेकली, डोळे उघडले आणि माझ्यावरचा पुठ्ठा तिला दिसला. तो तिनेच लावला होता.

मग ती धडपडत खुर्चीवर चढली. चिकटपट्टी वाळून घट्ट झाली होती. ती नखांनी ओरबाडत राहिली. पुठ्ठा सुटला, धूळ तिच्या तोंडावर पडली आणि कोंडलेली हवा भस्सकन खाली आली. माझी चुरगळलेली रिबीन आधी नुसतीच लोंबली, मग हळूहळू हलू लागली. थोरली भर कार्यालयात खुर्चीवर उभी राहून रडली.

"काय झालं?" साहेब धावत आले.

"साहेब, ती खोटं बोलत नव्हती. तिची हवा मीच बंद केली होती."

धाकटीला हसलेला तो कारकून उठला आणि झेरॉक्सचे यंत्र ढकलत बाहेरच्या मोकळ्या खोलीत घेऊन गेला. थोरलीने तिथूनच धाकटीला फोन लावला. पलीकडून काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही. थोरली एवढेच म्हणाली, "हो गं, मायेनेच केलं. पण मायेने श्वास थोडाच घेता येतो! तू परत ये."

धाकटी परत आली. साहेबांनी माझ्यामागचा बोगदा साफ करून घेतला. पण गेलेले सगळेच काही परत येत नाही. जिना चढताना ती आजही मध्येच थांबते आणि तिच्या पर्समध्ये ते औषध असतेच.

मित्रांनो, कुणी म्हणाले की इथे माझे डोके दुखते, जीव घाबरा होतो, तर हसू नका. त्याच्या जागेवर थोडा वेळ बसून पाहा आणि एकदा मान वर करा.

थोरली मागेच निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी ती पुन्हा चपला काढून खुर्चीवर चढली. माझी विटलेली रिबीन सोडून तिने नवी लाल रिबीन बांधली आणि हलक्या आवाजात मला म्हणाली, "माझ्या धाकटीला सांभाळ गं."

मी सांभाळते आहे. तुम्ही फक्त मला झाकू नका.