एका काळ्या मोटारीची साक्ष

मित्रांनो, मी जुनी आहे हे माझ्या गोल दिव्यांवरून आणि लांबलचक नाकावरून तुम्ही ओळखलेच असेल. आज माझा काळा रंग इतका चकचकीत आहे की माझ्या दारात बघून लोक केस सारखे करतात. पण सव्वीस वर्षे मी पत्र्याच्या एका शेडमध्ये धूळ खात उभी होते. धुळीचे मला फारसे दुःख नव्हते. मला एक खरी गोष्ट ठाऊक होती आणि ती सांगायला मला तोंड नव्हते, हे दुःख मोठे होते.

माझा जन्म झाला त्या कारखान्यात माझ्यासारख्या मोटारी आठवड्याला चारच बनत. माझ्या स्टिअरिंगपुढच्या लाकडी पट्टीसाठी एकच फळी मधोमध चिरली होती, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूच्या रेषा जुळाव्यात. सीटचे कातडे शिवणारी बाई प्रत्येक शिवण अंगठ्याने दाबून पाही. शेवटी एक म्हातारा तपासनीस आला. त्याने माझे दार लावले, आवाज ऐकला, उघडून पुन्हा लावले आणि म्हणाला, "जाऊ द्या हिला."

मला एका कागद कारखान्याच्या मालकांनी घेतले. सगळे त्यांना साहेब म्हणत. त्यांच्या घरी साहेब आणि त्यांची लेक, दोघेच. लेकीला सगळे छोटी म्हणत. आणि मला चालवायला काका होते. काकांचा हात असा हलका की गिअर कधी बदलला ते मलाही कळू नये. ते रोज सकाळी मला पुसत, आणि पुसताना माझ्याशी बोलत. "काय बाईसाहेब, आज कुरकुर कसली?" असे म्हणून चाकापाशी वाकत, आणि खरोखरच तिथे एखादा खडा अडकलेला असे. छोटीला ते शाळेत सोडत आणि आणत. तिच्या दप्तराला, डब्याला आणि रडण्याला माझ्या मागच्या सीटवर ठरलेल्या जागा होत्या.

मित्रांनो, आता वाईट भाग येतो. तो मी भरभर सांगते.

एकदा माझा सायलेन्सर बदलायला मला एका वर्कशॉपमध्ये नेले होते. काम करणाऱ्याने सायलेन्सर चांगला बसवला. पण ब्रेकची बारीक नळी जागेवर धरून ठेवणारी एक क्लिप परत लावायला तो विसरला. नखाएवढी क्लिप! नळी लोंबू लागली. प्रत्येक खड्ड्याला ती सायलेन्सरच्या पट्टीवर घासे. दोन महिने घासत राहिली. मला ते कळत होते, पण काकांना ऐकू जाईल एवढा आवाज त्यात नव्हता.

त्या दिवशी काकांना मुलगी झाली होती. आदल्या रात्री इस्पितळात त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. तरी दुपारी छोटीला आणायला ते वेळेवर हजर झाले. पेढीतला नवा कारकून हजर होतो तसे, इस्त्रीचा शर्ट घालून. परत येताना टेकडीच्या उतारावर त्यांनी ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला गेला. नळी फुटली होती. माझे सगळे ब्रेकचे तेल रस्त्यावर सांडले.

खाली वळणावर बसची वाट पाहणारी माणसे उभी होती. काकांनी ओरडून सांगितले, "छोटी, खाली बस! सीट घट्ट धर!" त्यांनी हँडब्रेक शेवटच्या दातापर्यंत ओढला. मी सुसाट असताना पहिला गिअर घुसवला. माझ्या पोटात कडाड्कन काहीतरी मोडले. आणि मग त्यांनी मला माणसांपासून वळवून एका बागेच्या भिंतीवर घातले.

एकही माणूस दगावला नाही. छोटीचा डावा पाय मोडला. काकांचे डोके स्टिअरिंगवर आपटले आणि ती सगळी दुपार त्यांच्या डोक्यातून पुसली गेली. पाटी पुसावी तशी.

साहेबांनी विचारले, "काय झालं?" काका म्हणाले, "आठवत नाही, साहेब." एवढेच ते म्हणत राहिले. रात्रभरचे जागरण सर्वांना ठाऊक होते. कुणीतरी म्हणाले, "डुलकी लागली असणार." दुसऱ्याने मान हलवली. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट पक्की झाली. इस्पितळातून छोटी सांगत होती, "काका ओरडले होते! मला खाली बसायला सांगितलं होतं!" पण मोठी माणसे म्हणाली, तापात बरळतेय पोर.

साहेब माणूस वाईट नव्हते, पण लेकीच्या पायाचे प्लास्टर बघितले की त्यांचे भान सुटे. त्यांनी काकांना काढून टाकले. वर ओळखीच्या सगळ्यांना लिहून कळवले की हा माणूस गाडी चालवताना झोपतो, याच्या हाती गाडी देऊ नका. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. सगळ्यात वाईट म्हणजे काकांनाही ते खरे वाटले. निरोप घ्यायला ते शेडमध्ये आले, माझ्या चेपलेल्या नाकावर हात ठेवला आणि म्हणाले, "माफ कर गं." मित्रांनो, त्या वेळी मला वाचा फुटली असती तर!

मला क्रेनने उचलून शेडमध्ये ठेवले होते. साहेबांचा हुकूम होता, हिला कुणी हात लावायचा नाही. नजरेसमोर नको आणि विकायलाही नको, अशी माझी गत. टायर बसले. उंदरांनी मागच्या सीटमध्ये चार पिढ्या वाढवल्या. पावसाचे पाणी पत्र्यातून ठिबके आणि माझ्या छपरावर बरोबर एकाच जागी पडे. छोटी मोठी झाली, थोडी लंगडत चालायला लागली, शिकली, नकाशे काढण्याचे काम करू लागली. सगळे तिला ताई म्हणू लागले. मी तिला शेडच्या फटीतून जाताना पाही. ती कधी आत आली नाही.

मग साहेब थकले. कारखाना विकला, आणि शेड रिकामी करायची वेळ आली. साहेब खुर्चीतून म्हणाले, "तो सांगाडा भंगारात दे."

ताई म्हणाली, "नाही बाबा. तिला एकदा रस्त्यावर चालताना बघायचंय मला."

"कशाला उकरून काढतेस?"

"माहीत नाही," ताई म्हणाली. पण मला माहीत होते. आपल्याला आठवते ते खरे की तापातले बरळणे, हा किडा तिच्या डोक्यात सव्वीस वर्षे वळवळत होता.

पहिल्यांदा ती एका मोठ्या, काचेच्या शोरूमच्या माणसाला घेऊन आली. तो माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "मॅडम, खालचं सगळं कापून फेकून देतो. नवं टाकतो. तीन महिन्यांत ओळखू येणार नाही." खालचे सगळे म्हणजे माझी नळी, माझा गिअरबॉक्स, माझी सगळी साक्ष! ती भंगारात गेली की संपलेच.

नशीब, ताईने आणखी एकाला बोलावले. त्याला गावात सावकाश मिस्त्री म्हणत, कारण काहीही विचारले की तो म्हणे, "होईल, सावकाश." तो आला, उकिडवा बसला आणि माझ्या खाली दिवा धरून बघत राहिला. मग त्याने विचारले, "ही बंद कशी पडली?"

"अपघात झाला."

"ते दिसतंय. कसा झाला?"

ताई म्हणाली, "ड्रायव्हरला झोप लागली म्हणतात."

"म्हणतात," मिस्त्री म्हणाला आणि माझ्या खाली शिरला. ताईने त्याच क्षणी काम त्यालाच दिले.

त्याच्या गॅरेजमध्ये मी चौदा महिने होते. इंजिन जाम झाले होते, तर त्याने ते ठोकले नाही; तेल ओतले आणि वीस दिवस भिजत ठेवले. एकेक सुटा भाग पांढऱ्या कापडावर मांडला, जणू लग्नाचे दागिने. ताई दर शनिवारी येई, आणि बाही दुमडून घासायला बसे.

अशाच एका शनिवारी मिस्त्रीने तिला हाक मारली. "ताई, इकडे या जरा. ही नळी बघा."

त्याने ती उजेडात धरली. नळीवर एका बाजूने लांबट खाच पडली होती आणि खाचेच्या तळाशी भोक होते. "हे गंजाचं भोक नाही. गंज असा एका रेषेत खात नाही. ही घासलीय. हिला धरून ठेवणारी क्लिप असायला हवी; गाडीच्या तळाला तिच्या स्क्रूचं भोक आहे, क्लिप नाही. ब्रेक नव्हतेच या गाडीला त्या वेळी."

ताईने नळी हातात घेऊन ती खाच डोळ्यांजवळ धरली.

"आणि हँडब्रेक बघा. शेवटच्या दातावर गंजून बसलाय."

"तो नंतर कुणीतरी ओढला असेल," ताई म्हणाली. खोटी आशा नको म्हणून ती स्वतःशीच भांडत होती.

"असेल की. पण मागचे ब्रेकपट्टे जळून कोळसा झालेत. उभ्या गाडीचे पट्टे जळत नाहीत, ताई. आणि हे." त्याने कापडावरचे एक दातेरी चाक उचलले. त्याचे तीन दात उडाले होते. "पहिला गिअर. धावत्या गाडीत जोर लावून घातलाय, थांबवायला. झोपलेला माणूस गिअर टाकत नाही."

ताई तिथेच, तेलकट फरशीवर, खाली बसली. "ते ओरडले होते," ती म्हणाली. "मला खाली बसायला सांगितलं होतं त्यांनी. मी सांगत होते सगळ्यांना." आणि ती रडायला लागली. मिस्त्रीला काय करावे सुचेना. त्याने तिला डोळे पुसायला गॅरेजमधले त्यातल्या त्यात स्वच्छ फडके दिले, तरी तिच्या गालावर काळा पट्टा उमटलाच. माझा जीव कसा भांड्यात पडला म्हणून सांगू! इतकी वर्षे मी पोटात जपले ते अखेर कुणीतरी वाचले होते.

तिने ती नळी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेली. पुढचे मला मिस्त्रीकडून कळले. साहेबांनी खाचेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि म्हणाले, "त्याचा पत्ता काढ."

मी तयार झाल्यावर माझी पहिली लांब फेरी तिकडेच झाली. ताई चालवत होती, शेजारी मिस्त्री, मागे साहेब. काका गावाबाहेर एका रोपवाटिकेत कामाला होते. आम्ही पोचलो तेव्हा ते पाइपने रोपांना पाणी घालत होते. पाठ वाकली होती, केस पिकले होते. मला पाहिले आणि त्यांच्या हातून पाइप सुटला. तो जमिनीवर वळवळत सगळ्यांच्या पायांवर पाणी उडवत राहिला. तो बंद करायचे कुणालाच सुचले नाही.

साहेब काठी टेकत उतरले. काकांना ते नेहमी 'अरे-तुरे' करत. त्या दिवशी म्हणाले, "तुम्ही झोपला नव्हतात."

काकांना कळेना. मिस्त्रीने नळी पुढे केली, दातेरी चाक दाखवले आणि सगळे सांगितले, सावकाश. काका ऐकत होते आणि मधूनमधून एकच विचारत होते, "नक्की ना?"

"नक्की."

"बघा हं. नक्की ना?"

"अहो काका, लोखंड कशाला खोटं बोलेल?"

तेव्हा काका मातीच्या पोत्यावर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकले. ताई त्यांच्याजवळ गेली. ते तिच्या डाव्या पायाकडे बघत होते. ती म्हणाली, "काका, पाय मोडला, पण मी आहे ना. तुमच्यामुळे आहे."

साहेब म्हणाले, "मी चुकलो. मी सगळ्यांना पुन्हा लिहून कळवीन."

काका डोळे पुसून हसले. "आता मला कोण गाडी देतंय, साहेब? पण लिहा. ते पत्र मला नको, माझ्या या लेकीला द्या." त्यांची मुलगी ओल्या हातांनी रोपवाटिकेतल्या खोलीच्या दारात उभी होती. अपघाताच्या दिवशी जन्मलेली तीच. शाळेत पोरे तिला 'डुलकीवाल्याची' म्हणून चिडवत, हे तिनेच मग सांगितले. आणखी एक सांगितले: "बाबा दिवसा कधी आडवेसुद्धा होत नाहीत. अंगात ताप असला तरी बसून राहतात, डोळे उघडे ठेवून."

निघताना ताईने काकांपुढे माझी किल्ली धरली. त्यांनी ती हातात घेतली, वजन करावे तशी तोलली, आणि परत दिली. "डोळे आता पहिल्यासारखे नाहीत. मी मागे बसतो. बघू तरी, मागे बसणाऱ्यांना कसं वाटायचं."

काका आणि त्यांची मुलगी मागे साहेबांशेजारी बसले, आणि आम्ही तलावाच्या बाजूने निघालो. ऊन छान होते. माझे नवे ब्रेक ताई उगीचच अधूनमधून दाबून बघत होती. थोड्या वेळाने मला मागच्या सीटवर एक ओळखीचे वजन सैलावल्यासारखे वाटले. काकांची मान कलली होती. ते झोपले होते, तोंड किंचित उघडे ठेवून, भर दुपारी. त्यांची मुलगी त्यांना हलवायला गेली, तर साहेबांनी ओठांवर बोट ठेवले. ताईने वेग कमी केला. तलावाला आम्ही दोन फेऱ्या मारल्या, आणि त्यांना जाग येईना म्हणून तिसरी.

मित्रांनो, आता मी दर आठवड्याला बाहेर पडते. लोक माझ्या रंगाचे कौतुक करतात. ते मला आवडते, खोटे कशाला बोलू? पण तुमच्याकडे माझे मागणे वेगळे आहे. तुमची सायकल असो, पंखा असो, नाहीतर घरातली शिलाई मशीन. तिच्या बारीक कुरकुरीकडे वेळीच लक्ष द्या. काढलेली क्लिप परत लावा. आणि एखाद्याच्या हातून काही मोडले, तर त्याला बोल लावण्याआधी एकदा खाली वाकून, दिवा धरून बघा. आम्ही यंत्रे बोलत नाही, पण जे झाले ते आम्ही जपून ठेवतो. कुणीतरी सावकाश बघायला हवे.