तटावरची हाक

टेलरबाई आणि त्यांचा वायरमन नवरा, दोघांना एकत्र सुट्टी मिळणं म्हणजे महाकर्मकठीण. त्यामुळे समुद्रकाठच्या त्या लहानशा गावातल्या लॉजवर पोचले तेव्हा दोघंही खुशीत होते. खिडकीतून जुना दगडी तट दिसत होता आणि त्याच्या पायथ्याशी वाळू.

किल्ली देताना लॉजमालकाने आवाज खाली आणला. "संध्याकाळी तटावर एक बाई उभी असते. तिनं हाक मारली तर ओ देऊ नका, वळून तर मुळीच बघू नका. ती ज्यांना हाक मारते ते बुडतात. स्वतःच्या नवऱ्यालाही खाल्लंय तिनं."

"हाका मारणाऱ्या बाईची मला सवय आहे," नवरा जिन्यात म्हणाला. टेलरबाई हसल्या, पण जरा उशिराच.

सूर्य कलताना दोघं तटाखालच्या वाळूवरून चालत शेवटच्या बुरुजापर्यंत गेले. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. तटाकडे तोंड असलेल्या घरांची एकूण एक खिडकी बंद होती. बघता बघता धुकं उतरलं आणि समोरचा समुद्र दिसेनासा झाला. लाटांचा आवाज मात्र पाठीमागून येत होता, जणू तटाच्या आतूनच.

"अहोऽऽ... मागे फिराऽऽ..."

घोगरा, लांबलेला आवाज. टेलरबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. नवऱ्याने त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"बघू नकोस," तो पुटपुटला. "पुढे चल."

"पुढे कुठे? पुढे समुद्र आहे."

हाक पुन्हा आली, आता रडवेली. माणूस जिवाच्या आकांताने ओरडतो तशी. टेलरबाई थबकल्या. भुलवून बुडवायला बोलावणारी हसते, फसवते. ही तर विनवत होती. त्यांनी मनगट सोडवून घेतलं आणि वळून पाहिलं.

ज्या वाळूवरून ते आले होते, ती नव्हतीच. तिथे काळं पाणी फिरत होतं. वर तटावर एक आकृती दोन्ही हात हलवत होती. "डावीकडे पायऱ्या आहेत! भिंत धरून या!"

गुडघाभर पाण्यातून, दगड चाचपडत दोघं वर पोचले. धुक्यात उभी होती ती साधी, पन्नाशीची बाई.

"इथं भरती समोरून येत नाही," ती म्हणाली. "मागच्या खोलगटात आधी पाणी भरतं. माझे यजमान असेच अडकून बुडाले. तेव्हापासून मी इथं उभी राहते."

"पण गावात म्हणतात, तुम्ही हाक मारता ते बुडतात," नवरा खाली मान घालून म्हणाला.

"खरंच आहे ते. बुडालेल्या सगळ्यांना हाक मारली होती मी. वळून बघू नका, असं त्यांना कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं."

ओल्या कपड्यांनिशीच टेलरबाई लॉजमालकासमोर उभ्या राहिल्या आणि घडलेलं सगळं सांगितलं. "आम्ही वर्षानुवर्षं हेच ऐकत आलोय," तो म्हणाला.

"आज आम्हीही तुमचंच ऐकलं होतं. थोडक्यात वाचलो," टेलरबाई म्हणाल्या.

तो खुर्चीत बसला. "गेल्या वर्षी बुडालेल्या त्या दोन भावांनाही मीच सांगितलं होतं," तो म्हणाला. त्याची बायको आतून सगळं ऐकत होती. तिने चपला घातल्या. "मला तिचं घर माहीत आहे," ती म्हणाली. "चला."

तटाखालच्या त्या घराचं दार चौघांनी वाजवलं. आत दिवा होता, पण कुणी उठलं नाही. पुन्हा वाजवलं, तेव्हा आतून बिचकलेला आवाज आला, "वारा आहे की माणूस?" इतकी वर्षं त्या दारावर कुणाची थापच पडली नव्हती.

"माणसं आहोत," लॉजमालक म्हणाला.

वाचकहो, एखाद्या एकट्या बाईला आपण अपशकुनी ठरवतो, तेव्हा तिचं आयुष्य तर अंधारतंच. पण ती आपल्यासाठी जे ओरडून सांगत असते, तेही आपल्याला ऐकू येईनासं होतं. कुणाबद्दल कुजबूज पसरवण्याआधी एकदा वळून त्या माणसाकडे बघा.